लक्ष्मी रस्त्याला फरशी नंतर, आधी कारभारी

दरवर्षी ११ डिसेंबरला पुणे महानगरपालिका पादचारी दिन साजरा करते. २०२१ पासून सुरू असलेल्या या प्रथेप्रमाणे शहराच्या जुन्या बाजारपेठेतल्या लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा त्या दिवशी वाहनांना बंद होतो, कार्यक्रम होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, आणि १२ तारखेला दुचाकींच्या रांगा पुन्हा आपल्या जागी येऊन उभ्या राहतात. हा रस्ता कायमचाच पादचाऱ्यांना द्यावा, ही मागणी त्या निमित्ताने पुन्हा वर येते. मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. मात्र तिची चर्चा दगडी फरशी, बाक आणि शोभेचे दिवे यांच्यापुढे जात नाही, आणि रस्ता नटवून झाल्यावर तो रोज सकाळी उठून चालवणार कोण, हे कोणी विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

या बाबतीत दिल्लीचा चांदणी चौक (आपल्या कोथरूडजवळच्या चौकाचा इथे संबंध नाही) नीट पाहण्यासारखा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर शहाजहानची मुलगी जहाँआरा हिने आखलेली ही बाजारपेठ, जिच्या मधून एकेकाळी कालवा वाहत असे, आपल्या पिढीने पाहिली ती गाड्या, रिक्षा, हातगाड्या आणि डोक्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारांच्या गुंत्यात अडकलेली. मराठी माणसाला तिथे एक ओळखीची खूणही सापडते. लाल किल्ल्याच्या बाजूचे गौरीशंकर मंदिर १७६१ च्या सुमारास आपा गंगाधर या मराठा सरदाराने बांधले, असे सांगितले जाते. लाल जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सुमारे १.३ किलोमीटर रस्त्याचे काम २०१८ च्या अखेरीस सुरू झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तारा जमिनीखाली गेल्या, पदपथ रुंद झाले, लाल दगडाचे बाक बसले, आणि सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटारवाहनांना बंदी आली. सुरुवातीच्या काळात लोक रात्री उशिरापर्यंत तिथे केवळ फिरायला आणि खायला येऊ लागले. शहराच्या मधोमध निवांत चालता येते, याचेच अप्रूप असावे.

पुढे मात्र तिथे जे झाले, ते आपण लक्षात ठेवले पाहिजे. वाहने अडवण्यासाठी लावलेले खांब तुटले, बाकांची मोडतोड झाली, बंदीच्या वेळेत दुचाकी आणि ई-रिक्षा घुसू लागल्या, मोकळा झालेला पदपथ फेरीवाल्यांनी व्यापला, आणि घाऊक व्यापारी मालाच्या चढ-उताराची गैरसोय होते म्हणून कुरकुरू लागले. याचे खापर लोकांच्या बेशिस्तीवर फोडणे सोपे आहे. मला त्याचे मूळ कारभाराच्या रचनेत दिसते. रस्ता बांधला दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने, झाडलोट आणि फेरीवाले महापालिकेकडे, आणि वाहतूक पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत. जुन्या दिल्लीसाठी शहाजहानाबाद पुनर्विकास महामंडळ २००८ पासून आहे, पण बाकीच्या यंत्रणांना हुकूम देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. खांब तुटला तर तो कोणी बसवायचा, याचे उत्तर मिळेपर्यंत शेजारचा खांब तुटतो.

अमेरिकेत छोट्या गावांच्या जुन्या मुख्य बाजारपेठा मॉलच्या धक्क्याने ओस पडू लागल्या, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय वारसा-जतन संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत एक प्रयोग केला. त्यात प्रत्येक गावाच्या मुख्य रस्त्यासाठी पूर्णवेळ पगारी व्यवस्थापक नेमला गेला. दुकानदार, घरमालक, बँका आणि नगरपालिका यांना एका टेबलाशी बसवणे, रिकाम्या गाळ्यांना भाडेकरू शोधणे, दर्शनी भागाची डागडुजी करून घेणे, ही त्याची कामे. प्रयोग जमला, आणि १९८० पासून त्याचा देशभर कार्यक्रम झाला. त्यांच्या गावांची लोकसंख्या आपल्या एखाद्या पेठेएवढी असेल. त्यांचे सगळे आपल्याला लागू पडणार नाही. रस्त्याला एक नावानिशी जबाबदार माणूस हवा, एवढे मात्र नक्की लागू पडते.

आता लक्ष्मी रस्ता. अलका टॉकीजपासून क्वार्टर गेटपर्यंत जाणारा हा रस्ता एकाच प्रकारचा नाही. एका टोकाला पुस्तके आणि शाळा, मध्ये साड्या आणि सराफी, पलीकडे घाऊक व्यापार. लग्नाचा बस्ता बांधायला जिल्ह्याबाहेरून आलेले दहा-बारा जणांचे कुटुंब आणि बाजूच्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतले आजोबा, दोघांचा हा रस्ता आहे, आणि दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. दुकानदारांची भीती अशी की गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल. ही भीती मला पोकळ वाटत नाही. पण आजही गाडी दारात लागत नाहीच. ती जागा आधीच्या गिऱ्हाइकाने, आणि खरे सांगायचे तर बरेचदा दुकानातल्याच माणसांच्या दुचाकींनी, अडवलेली असते. शिवाय २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. तिथून चालत लक्ष्मी रस्त्यावरचा बेलबाग चौक गाठणे हे वाहनतळ शोधण्यापेक्षा कमी वेळाचे काम आहे.

दिल्लीसारखा मधला दुभाजक आणि जमिनीत रोवलेले दगडी बाक इथे चालणार नाहीत, कारण अनंत चतुर्दशीला मानाच्या पाचही गणपतींच्या मागे अख्खे शहर याच रस्त्याने जाते. तेव्हा जे काही बसवायचे, ते त्या दिवसापुरते उचलून ठेवता आले पाहिजे, आणि ते उचलून पुन्हा ठेवणारी माणसेही नेमलेली पाहिजेत. मालाचे टेम्पो सकाळी ९ च्या आधी आणि रात्री ९ नंतर यावेत हे कागदावर ठीक आहे. मधल्या वेळेचा माल हातगाडीवरूनच येणार, आणि ती ओढणाऱ्याला विचारल्याशिवाय वेळापत्रक ठरवू नये. हमाल पंचायतीसारखी कष्टकऱ्यांची संघटना असलेल्या शहरात एवढे तरी अपेक्षित आहे. फेरीवाल्यांचे तेच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती दिलेली आहे. तिच्यामार्फत जागा आखून द्याव्यात. हाकलून दिलेला माणूस संध्याकाळी परत येतो, हे तुळशीबागेत राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केले आहे, त्यामुळे नवीन धोरणाची गरज नाही. गरज आहे ती लक्ष्मी रस्त्यासाठी एक छोटे कार्यालय उघडण्याची, रस्त्यावरच, एखाद्या गाळ्यात. तिथे महापालिकेचा एक अधिकारी असावा, ज्याची बदली तीन वर्षे होणार नाही. त्याच्या हाताखाली दुरुस्तीचे पथक आणि स्वतंत्र निधी असावा, आणि वाहतूक पोलिसांचा एक माणूस कायम शेजारी बसावा. खर्चाचा निम्मा वाटा व्यापारी संघटनांनी उचलावा, म्हणजे हिशेब विचारायचा हक्कही त्यांना राहील. रहिवाशांच्या वाहनांचे परवाने याच कार्यालयाने द्यावेत.

या कार्यालयाने पहिले काम म्हणून स्वच्छतागृहे हाती घ्यावीत. साड्या निवडण्यात चार-पाच तास घालवणाऱ्या बायकांना आज दुकानदाराच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागते, आणि हा प्रश्न सुटायला रस्ता वाहनांना बंद होण्याची वाट पाहण्याचे काहीही कारण नाही.