प्रेमामुळे तिची औषधे सुटली नव्हती: ब्राउनिंग दांपत्याच्या नावाने फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

‘खऱ्या प्रेमाची ताकद’ अशा मथळ्याचा एक मराठी संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग आणि कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांची ही सत्यकथा आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याचा सारांश असा: एलिझाबेथ ही कोणालाही ठाऊक नसलेली, अंथरुणाला खिळलेली आणि डॉक्टरांनी आशा सोडलेली स्त्री होती, रॉबर्ट हा मोठा कवी तिच्या आयुष्यात आला, ती रोज रात्री पोर्तुगीज भाषेतील एक प्रेमकविता अनुवादून त्याला देऊ लागली आणि त्या कविता वाचून तो तिच्या प्रेमात पडला, त्याच्या प्रेमाने तिला असे बळ दिले की तिने सगळी औषधे फेकून दिली, ती उठून चालू लागली आणि पुढे निरोगी आयुष्य जगली, निर्दय बापाने तिच्याशी नाते तोडले, आज दोघांच्या समाधी शेजारीशेजारी आहेत. शेवटी ठळक अक्षरांत लिहिले आहे: ‘औषधांनी जे होत नाही ते प्रेमाने होते.’

माझ्या आतेबहिणीला बऱ्याच वर्षांपासून संधिवाताचा आजार आहे आणि गोळ्यांशिवाय तिचा दिवस जात नाही. तिला एका नातेवाइकाने हा संदेश मुद्दाम पाठवला आणि खाली लिहिले की गोळ्यांवर किती दिवस काढणार, थोडे मनाने घे. एका कवयित्रीच्या आयुष्याचा असा उपयोग होत असेल, तर गप्प बसणे मला शक्य नाही.

औषधे फेकून दिल्याचा दावा सर्वांत घातक आहे आणि तो खोडून काढायला एलिझाबेथचे स्वतःचे पत्र पुरेसे आहे. फेब्रुवारी 1846 मध्ये, म्हणजे रॉबर्टची आणि तिची ओळख होऊन वर्ष उलटल्यानंतर आणि लग्नाच्या सात महिने आधी, तिने त्याला अफूविषयी लिहिले. तिच्या अफू घेण्याची रॉबर्टला काळजी वाटत होती, त्यावरचे हे उत्तर आहे. ती सांगते की आपल्याला तीव्र वेदना नसतात, पण अस्वस्थता अशी असे की वेड लागायची पाळी येई, म्हणून डॉक्टरांनी मॉर्फीन (अफूपासून काढलेले औषध) आणि ईथर यांचे मिश्रण सुरू केले, आणि त्याने इतकी शांतता मिळाली की तेव्हापासून आपण त्या औषधाला आपले ‘अमृत’ म्हणत आलो आहोत. तिने तेथे आपल्याकडचा ‘अमृत’ हाच शब्द रोमन लिपीत लिहिला आहे. त्या काळच्या इंग्रजी काव्यात तो भारतीय पुराणकथांमधून पोचला होता. तू एवढी काळजी करतोस तर मी मात्रा कमी करण्याचा प्रयत्न करीन, असेही ती त्याला सांगते. प्रियकराने काळजी केली, तिने ती मनावर घेतली आणि मात्रा हळूहळू उतरवण्याचे ठरवले, एवढेच त्या पत्रात आहे. वर्षानुवर्षे घेतलेली अफू एका दिवसात सोडली तर रुग्णाचे भयंकर हाल होतात. ज्याने ‘फेकून दिली’ असे लिहिले त्याने हा विचार क्षणभरही केलेला दिसत नाही.

पुढे तिने मात्रा खरोखरच कमी केली, विशेषतः 9 मार्च 1849 रोजी मुलगा जन्मला त्याआधी, आणि ती सोपी गोष्ट नव्हती. परंतु मॉर्फीन तिच्यापासून कायमचे सुटले नाही. ‘निरोगी आयुष्य’ हेही खरे नाही. मुलाच्या आधी दोनदा आणि नंतरही तिचे गर्भपात झाले, फुफ्फुसांचे दुखणे वारंवार उलटत राहिले आणि 29 जून 1861 रोजी फ्लॉरेन्समध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तिने रॉबर्टच्या मिठीत प्राण सोडला. रॉबर्टने पंधरा वर्षे आजारी पत्नीबरोबर संसार केला, आणि ती आजारी आहे हे मान्य करूनच केला. माझ्या मते त्याच्या प्रेमाचा मोठेपणा नेमका येथेच आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने तोच पुसून टाकला आहे.

ती बरी झाली या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करायला हवे. लग्नानंतरची पहिली काही वर्षे एलिझाबेथची प्रकृती खरोखर सुधारली होती. मात्र त्यामागची हकीकत संदेशात नाही. 1845 च्या शरद ऋतूत डॉक्टरांनी तिला लंडनचा हिवाळा टाळून इटलीत पिसा येथे राहण्याचा सल्ला दिला होता. म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडलेली नव्हती, त्यांनी उपाय सांगितला होता. वडिलांनी जाऊ दिले नाही. सुदैवाने तो हिवाळा सौम्य गेला आणि ती खोलीतून खाली दिवाणखान्यात येऊ लागली. मे 1846 मध्ये रीजंट्स पार्कमध्ये गाडीतून उतरून ती गवतावर चालली. 12 सप्टेंबर 1846 रोजी सेंट मेरिलबोन चर्चमध्ये दोघांनी गुपचूप लग्न केले आणि आठवड्याभराने, दासी विल्सन आणि फ्लश नावाचा कुत्रा यांना बरोबर घेऊन, ते इटलीला निघाले ते आधी पिसालाच गेले. डॉक्टरांनी सांगितलेली हवा तिला वर्षभर उशिरा मिळाली आणि ती मिळवून देण्यात रॉबर्टचा वाटा मोठा होता. प्रेमाने औषधाची जागा घेतली नाही, प्रेमाने तिला औषधापर्यंत नेले. हे माझ्या आतेबहिणीला कोणी सांगितले असते, तर माझी काहीच तक्रार नव्हती.

तिने रोज रात्री दिलेल्या प्रेमकविता वाचून रॉबर्ट प्रेमात पडला, हा दावा तारखांपुढे टिकत नाही. तिचा दोन खंडांचा काव्यसंग्रह 1844 मध्ये आला, तो वाचून रॉबर्टने 10 जानेवारी 1845 रोजी तिला पहिले पत्र लिहिले आणि त्यातच तुमच्या कवितांवर माझे मनापासून प्रेम आहे आणि तुमच्यावरही आहे, असे सांगून टाकले. प्रत्यक्ष भेट 20 मे 1845 रोजी लंडनच्या 50, विम्पोल स्ट्रीट या घरी झाली. त्यानंतर लगेच त्याने इतके उघड पत्र पाठवले की पुन्हा असे लिहू नका, असे तिने बजावले. ते पत्र त्याने परत घेऊन नष्ट केले. बाकीची 570 हून अधिक पत्रे राहिली. ज्या प्रेमकवितांविषयी हा संदेश बोलतो ती सुनीते (चौदा ओळींच्या कविता) एलिझाबेथ याच काळात लिहीत होती, पण त्याच्यापासून लपवून. जुलै 1846 मध्ये तिने त्याला फक्त एवढेच लिहिले की आत्ता जे दाखवणार नाही ते कधीतरी पिसाला पाहशील.

प्रत्यक्षात पिसाला तिने ती दाखवलीच नाहीत. रॉबर्टने 1864 मध्ये आपली मैत्रीण ज्युलिया वेजवुड हिला लिहिलेल्या पत्रात खुलासा केला आहे. आपले प्रेम पद्यात मांडू नये, असे तो एकदा सहज बोलून गेला होता, म्हणून ती गप्प राहिली. पुढे 1849 मध्ये इटलीतील बान्यी दी लुक्का येथे तो एका संध्याकाळी याच्या उलट काही बोलला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाचरत सांगितले की मी तुझ्यावर काही कविता लिहिल्या होत्या. लग्नाला तेव्हा जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

या सुनीतांभोवती कहाण्या रचण्याची सवय जुनी आहे. 1890 च्या दशकात समीक्षक एडमंड गॉस याने लिहिले की पिसा येथे 1847 मध्ये न्याहारीनंतर एलिझाबेथने मागून येऊन रॉबर्टच्या खिशात कागदांचे पुडके सरकवले आणि ती पळून गेली. त्याच सुमारास ‘रेडिंग, 1847’ असा छाप असलेली या सुनीतांची एक छोटी खासगी आवृत्ती संग्राहकांच्या बाजारात आली आणि महागात विकली जाऊ लागली. 1934 मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन ग्रंथविक्रेत्या अभ्यासकांनी तिचा कागद आणि छपाईचा टंक तपासला. कागदात रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा होता, जो 1847 मध्ये इंग्लंडमधील कागद कारखान्यांत वापरलाच जात नव्हता. आणि ‘एफ’ व ‘जे’ या अक्षरांचे खिळे 1880 नंतर घडवलेल्या धाटणीचे होते. आवृत्ती बनावट होती आणि तिच्यामागे थॉमस वाइज हा त्या काळचा नावाजलेला ग्रंथसंग्राहक होता. खिशातल्या पुडक्याची गोष्ट त्या बनावट तारखेला आधार देत होती आणि ती तारीख त्या गोष्टीला. ‘रोज रात्री एक कविता’ हा त्याच जातीचा नवा मजकूर आहे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात उरकता येतील. या कविता अनुवाद नाहीत. इतक्या खासगी कविता उघड करताना आडपडदा हवा म्हणून 1850 मध्ये त्या ‘पोर्तुगीजमधील सुनीते’ या नावाने छापल्या गेल्या, आणि ते नाव रॉबर्टला आवडलेल्या तिच्याच एका जुन्या कवितेवरून आले, जिच्यात पोर्तुगीज कवी कामोंईशची प्रेयसी कातारीना बोलते. समाधीही शेजारी नाहीत: तिची फ्लॉरेन्सच्या इंग्लिश दफनभूमीत आहे, आणि 1889 मध्ये व्हेनिसला मरण पावलेल्या रॉबर्टची लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत. वडिलांविषयीचा मुद्दा मात्र बराचसा खरा आहे. एडवर्ड बॅरेट यांना आपल्या कोणत्याही अपत्याचे लग्न नको होते. ज्यांनी केले त्यांना त्यांनी वारसा नाकारला आणि एलिझाबेथची पत्रे न उघडता परत पाठवली. तरी हा राग एकट्या तिच्यापुरता नव्हता.

‘कोणालाही ठाऊक नसलेली’ हे विशेषण वाचून मला विशेष राग आला. ती दोघे भेटली तेव्हा नामांकित होती ती एलिझाबेथ. रॉबर्टच्या 1840 मधील ‘सोर्डेलो’ या काव्याची दुर्बोध म्हणून टिंगल झाली होती आणि त्याला खरी मान्यता मिळाली ती तिच्या मृत्यूनंतर. कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांवरची तिची ‘द क्राय ऑफ द चिल्ड्रन’ ही कविता 1843 मध्येच गाजली होती. वर्डस्वर्थच्या निधनानंतर 1850 मध्ये राजकवी कोण व्हावे, या चर्चेत ‘अथेनियम’ या साप्ताहिकाने तिचे नाव सुचवले. मान कवी टेनिसनला मिळाला. 1856 च्या अखेरीस आलेली ‘ऑरोरा ली’ ही तिची दीर्घ पद्यकादंबरी एका लेखिकेच्या स्वतंत्र आयुष्याविषयी आहे, आणि ती तिने आजारपण सांभाळत, मॉर्फीन घेत, घरात लहान मूल असताना लिहिली. व्हॉट्सॲपवरच्या संदेशात या कादंबरीचा उल्लेखही नाही.