पोळी सोडण्याआधी तपासणी करा
गव्हाच्या त्रासावरच्या लेखात ‘पोट फुगत असेल तर महिनाभर गहू बंद करून बघा’ असं सुचवलंय, तिथे माझी हरकत आहे. आधी सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) रक्ताची टीटीजी ही अँटिबॉडी तपासणी करा, मग पोळी सोडा. गहू बंद केल्यावर सीलिॲक असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. माझ्या बहिणीने उलटं केलं आणि निदानासाठी बिचारीला सहा आठवडे पोट धरून पुन्हा पोळ्या खाव्या लागल्या.

पोळीऐवजी भाकरी खा, हे लेखातलं मात्र पटलं. ज्वारी, बाजरी, नाचणी, उपासाची वरई, राजगिरा, आपल्याकडे काय कमी आहे? घात होतो तो गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ आत उरलेलं असतं, त्यातच आपली ज्वारी पडते. शेवटी बहिणीने घरघंटी घेतली, तिच्यात गव्हाला मज्जाव! आणि डबीतला हिंग? त्यात बऱ्याचदा मैदा असतो, लेबल वाचा. थालीपिठाच्या भाजणीतही अनेक घरी गहू असतोच.

तपासणीत सीलिॲक नाही निघालं, तर त्रास गव्हातल्या फ्रुक्टॅन या नीट न पचणाऱ्या, पोटात वायू करणाऱ्या कर्बोदकाचाही असू शकतो. ते कांद्या-लसणातही असतं, म्हणून नुसती पोळी सोडून काहींना फरकच पडत नाही.