खुलासा : ‘वाइन’ आणि विमानाचा सिम्युलेटर

वाइन म्हणजे विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम लिनक्स किंवा मॅक या दुसऱ्या संगणक-प्रणालींवर चालवण्याचे सॉफ्टवेअर, आणि फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणारा प्रोग्रॅम. ‘वाइन टाका, विंडोजचा कोणताही फ्लाइट सिम्युलेटर लिनक्सवर किंवा मॅकवर जसाच्या तसा चालतो’ हा कोल्हापुरातील ग्रुपांवर फिरणारा मजकूर माझ्याच जुन्या पोस्टवरून उचललेला आहे. तो अपुरा होता, आणि ती चूक माझी.

त्या वेळी माझ्या लिनक्सच्या संगणकावर एक जुना सिम्युलेटर सुरू झाला, उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टीही दिसली आणि मी उत्साहाने लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी जॉयस्टिक जोडली, तर विमान उजवीकडे वळेना, कारण तिचा एक अक्ष (डावी-उजवी हालचाल) ओळखलाच जात नव्हता. वाइन म्हणजे विंडोज नव्हे. प्रोग्रॅमने विंडोजकडे केलेल्या मागण्या ते लिनक्सला कळतील अशा रूपात बदलते, त्यामुळे मुख्य प्रोग्रॅम चालला तरी कॉपी-संरक्षण (बेकायदा नक्कल रोखणारी सोय) किंवा जोडउपकरणे अडू शकतात. मॅकवर विंडोज बसवण्याची बूट कॅम्पची सोय तर फक्त इंटेल प्रोसेसरच्या यंत्रांपुरती आहे.

एक्स-प्लेन आणि मोफत मिळणारा फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर मात्र विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही प्रणालींवर थेट चालतात, त्यांना वाइन लागत नाही.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास तिथे हा खुलासा टाकावा.