‘नकाशा कापा आणि कामाला लागा’ इतकं सोपं नाही

गोलावरच्या डेटाबद्दल एक सल्ला बराच फिरतोय: ‘एकाच प्रदेशाशी मतलब असेल तर बाकी गोलावर शून्य भरा आणि उरलेल्याचे गोलीय हार्मोनिक्स काढा. बँड-लिमिटेड सिग्नल प्रदेशात कोंबता येतच नाही, म्हणून स्लेपियन फलनं हा नुसता पंडिती खेळ.’ गोलीय हार्मोनिक्स म्हणजे गोलावरच्या लाटा; डिग्री जितकी वरची, तितकी लाट बारीक. एका ठरावीक डिग्रीला थांबणारा सिग्नल तो बँड-लिमिटेड. आणि अशाच लाटा मिसळून, ऊर्जा शक्य तितकी एका प्रदेशात राहील अशी बनवलेली फलनं ती स्लेपियन फलनं. सल्ल्यातलं कोंबण्याबद्दलचं वाक्य खरं आहे. घोळ त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे.

आधी कात्रीचं बघू. काठावर सिग्नल एकदम शून्यावर आणला की ती धारदार कड उभी करायला वरच्या डिग्री लागतात, त्याही न संपणाऱ्या. मूळ सिग्नल डिग्री १८ ला थांबत असला तरी कापलेला थांबत नाही. शिवाय मास्कने (प्रदेशात एक, बाहेर शून्य) गुणलं की एका डिग्रीची ऊर्जा दुसरीत सांडते. हाती आलेल्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या डिग्रीला किती ऊर्जा या हिशेबात, प्रदेश किती आणि कात्री किती, हे मग निस्तरत बसा.

आता कोंबण्याचं. बँड-लिमिटेड फलन म्हणजे x, y, z मधली बहुपदी, फक्त गोलावरच्या बिंदूंवर वाचलेली. प्रदेशात पूर्ण कोंबायची तर ती बाहेर सगळीकडे शून्य हवी; पण ती एका छोट्या तुकड्यावर सलग शून्य झाली की सगळीकडेच शून्य. पण पूर्ण मावत नाही म्हणजे अजिबात मावत नाही, असं कुठे आहे? १९६१ मध्ये बेल लॅब्सच्या स्लेपियन, लँडाउ आणि पोलॅक यांनी, गोलासाठी नव्हे तर काळ आणि वारंवारितेसाठी, प्रश्नच बदलला: जास्तीत जास्त किती ऊर्जा आत बसेल? गोलावर सायमन्स, डाहलेन आणि विझोरेक यांनी २००६ मध्ये हेच सविस्तर मांडलं. या गणितातून स्लेपियन फलनं निघतात आणि प्रत्येकाबरोबर एक आकडा, आयगेन व्हॅल्यू, म्हणजे त्याच्या ऊर्जेचा आत बसलेला वाटा.

ध्रुवाभोवती ४० अंश त्रिज्येची टोपी घ्या, मर्यादा डिग्री १८. डिग्री ० ते १८ मिळून एकूण फलनं १९ गुणिले १९, म्हणजे ३६१. टोपी गोलाचा ११.७ टक्के भाग व्यापते. ३६१ चे ११.७ टक्के साधारण ४२. हा शॅनन अंक. जवळपास इतकीच फलनं टोपीत नीट बसतात, थोडी काठावर लोंबकळतात, बाकीची बाहेर. वर ही फलनं अख्ख्या गोलावरही परस्परलंब (एकाचा वाटा दुसऱ्यात न मिसळणारी) आणि टोपीतही. कात्रीने कापलेल्या हार्मोनिक्सना हे जमत नाही.

‘गणित करताना आकडे बिघडतात’ हा स्लेपियन फलनांवरचा आक्षेप टोप्यांपुरता तरी जुना झाला. तीच फलनं एका साध्या त्रिकर्णी मॅट्रिक्समधून (मुख्य कर्ण आणि त्याच्या शेजारचे दोन सोडून बाकी सगळं शून्य) निघतात.

स्लेपियनचे भक्तही मात्र कधीकधी सुटतात: ‘प्रदेश कितीही लहान चालेल.’ टोपी ५ अंशांची करा, मर्यादा १८ च. शॅनन अंक ०.६९ वर येतो. सगळ्या आयगेन व्हॅल्यूंची बेरीजच एवढी, म्हणजे सर्वांत चांगल्या फलनाचीही किमान ३१ टक्के ऊर्जा बाहेरच राहणार. इथे जास्त डिग्रीचा डेटा आणावा लागतो.