बखरीवर शंका घेता, मग आफ्रिकेतल्या तोंडी इतिहासावर का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बखर आपण अस्सल पत्रांशी ताडल्याशिवाय मानत नाही, मग आफ्रिकेचे अभ्यासक म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या सांगण्यावरून राज्यांचा इतिहास कसा लिहितात, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे. पण ती त्या अभ्यासकांना सुचलीच नाही, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला त्यांच्यातल्याच जॅक गुडी यांनी दिलाय, उत्तर घानातल्या गोंजा राज्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तिथली कथा लिहून घेतली, तेव्हा संस्थापक जाक्पाला सात मुलगे होते, एकेका विभागाला एकेक. पुढे दोन विभाग मोडले. एकाच्या प्रमुखांनी आक्रमक सामोरीची बाजू घेतली म्हणून तो शेजारच्या विभागात घातला, दुसरा इंग्रजांनी हद्दी बदलल्या त्यात गेला. साठेक वर्षांनी तीच कथा पुन्हा नोंदवली, तर मुलगे पाच! कुणी खोटं बोलत नव्हतं. गादी विभागांकडे आळीपाळीने जायची, म्हणजे कथा हा हक्काचा कागदच होता. हक्क संपला, नाव गळालं.

म्हणून माहिती घेताना सांगणाऱ्याला एकट्याला गाठतात. चारचौघांत बसवलं की सगळ्यात मानाचा माणूस बोलतो, बाकीचे माना डोलावतात, आणि नेमके हवे असलेले मतभेद बुडतात. टेप मूळ भाषेतच शब्दशः उतरवायची, भाषांतर नंतर. सांगणारा कोणत्या घराण्यातला, त्याने कुणाकडून ऐकलं, दुभाषी कोण, हेही लिहायचं. मग गादी हुकलेल्या घराण्याकडे जायचं. दोन्हीकडे जुळेल त्याला वजन, पण दोघांनी एकच पुस्तक वाचलेलं नसेल तरच. आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्याच्या राजांची, तिथलेच पंतप्रधान आपोलो काग्वा यांनी केलेली यादी 1901 मध्ये छापली गेली. त्यानंतर कुणी तशीच यादी सांगितली, तर तो दुसरा साक्षीदार धरता येत नाही.

सालांचं दुखणं वेगळं. पिढीला 25 वर्षं धरून गुणाकार करायची सवय होती. आफ्रिकेचेच इतिहासकार डेव्हिड हेनिगे यांनी 1974 मध्ये तिच्यावर सडकून टीका केली. दहा-पंधरा पिढ्या सलग बापानंतर मुलगाच गादीवर दिसला, की थांबायचं. भाऊ-पुतण्यांना मुलगे करून टाकलेलं असतं, आणि काळ उगाच ताणला जातो.

गोंजात ताडायला अठराव्या शतकातली, तिथेच लिहिलेली अरबी बखर तरी आहे. जिथे तसं काहीच नाही, तिथे 'अमक्याच्या आधी' एवढंच लिहावं. तरीही कुणी बेधडक साल छापलं असेल, तर तिथे तुमची टीका शंभर टक्के लागू.