नुसते मजे घेत होतो

दोन आठवडे झाले ‘अंडर द ब्रिज’ संपवून, पण डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहून टाकते. पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

मालिका २०२४ची, अमेरिकेत हुलू या ओटीटीवर आली होती, एकूण आठ भाग. मला उशिरा कळली. लेकीनं लावून दिली. “आई, यात आपली मुलगी आहे,” म्हणाली आणि दुसऱ्या भागात स्वतःच सोफ्यावर झोपून गेली. ‘आपली’ म्हणजे रीना विर्क. खरी मुलगी, खरं प्रकरण. वडील मनजीत पंजाबातून कॅनडाला गेलेले. आई सुमनचं माहेर तिथलंच, आणि ते यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचं. म्हणजे घरात वाढदिवस नाही, ख्रिसमस नाही. गोऱ्यांच्या गावात सावळी मुलगी, त्यात अंगानं थोराड, त्यात वर्गातल्या मुली करतात ते काहीच घरी करायला मिळत नाही. आणि हिला तर त्या मुलींमध्येच जायचं होतं. घरातून भांडून बाहेर पडली, सरकारी वसतिगृहात राहिली, परत आली, तरी डोळे त्या टोळक्याकडेच.

१४ नोव्हेंबर १९९७, शुक्रवारची रात्र. ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया शहराजवळच्या क्रेगफ्लॉवर पुलाखाली तिला मारलं. आधी सात मुली आणि एक मुलगा, सगळे तिच्याच आगेमागे वयाचे. मार खाऊन ती उठली, पूल ओलांडून बससाठी निघाली. त्या आठांमधली एक मुलगी आणि तो मुलगा तिच्या मागे गेले, पुन्हा मारलं आणि पाण्यात बुडवलं. प्रेत सापडलं २२ तारखेला. रीना चौदा वर्षांची होती.

भांडणाचं कारण काय? तर म्हणे हिनं एका मुलीची फोन नंबरांची वही घेतली, त्यातल्या मुलांना फोन केले, तिच्याबद्दल काहीबाही सांगितलं. एवढंच. आपल्याकडे यावरून फार तर आठवडाभर अबोला झाला असता, असं पहिल्या रात्री मला वाटलं. तिसऱ्या-चौथ्या रात्री तेवढी खात्री राहिली नव्हती.

कारण मारामारीला सुरुवात कशी झाली ते ऐका. एकीनं रीनाच्या कपाळावर जळती सिगरेट विझवली. कपाळावर. आपण टिकली लावतो तिथे. लावणारीच्या मनात टिकली होती का, देव जाणे. पण आपल्यातली कुठलीही बाई तो प्रसंग पाहताना आपोआप कपाळाला हात लावेल, मी लावला. आणि गंमत बघा, तेव्हाच्या तिथल्या वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने डंका कशाचा वाजवला, तर ‘मुली हिंसक होत चालल्या’ याचा. मुलगी सावळी होती, तिच्या केसांवरून, रंगावरून तिला बोललं जायचं, हे कुणाला फार महत्त्वाचं वाटलं नाही. खटल्यांतही वंशद्वेष हे कारण म्हणून धरलं गेलं नाही. पुढे तिथल्याच अभ्यासक बायकांनी यावर झोडपून लिहिलं, पण तोपर्यंत गोष्ट ‘वाईट मुलींची’ होऊन बसली होती.

आता मालिकेबद्दल माझं मत. नटवे सगळे उत्तम. आर्ची पंजाबीनं सुमन केलीय, तिच्या नुसत्या मान वळवण्यात आईपण आहे. रीना झालेली वृतिका गुप्ता तर कमालच. पण रीना वाट्याला किती येते? मालिका ज्या पुस्तकावरून घेतली ते रेबेका गॉडफ्रे यांचं, २००५चं. त्या २०२२मध्ये गेल्या, मालिका पडद्यावर आलेली पाहायला राहिल्या नाहीत. मालिकेनं त्यांनाच एक मुख्य पात्र करून टाकलंय. जोडीला एक पोलीस बाई आहे, मूळनिवासी, गोऱ्या घरात दत्तक गेलेली. लिली ग्लॅडस्टोननं काम सुंदर केलंय, पण खऱ्या प्रकरणात अशी कुणी नव्हती. म्हणजे दोघी तपास करणाऱ्या, त्यांचं जुनं प्रेम, त्यांची दुःखं, आणि मारणाऱ्या मुलींचे जॅकेट, संगीत, रुबाब. या सगळ्यातून जागा उरली तर रीना. मेल्यावरसुद्धा पोरीला मागच्या रांगेत उभं केलं, असं वाटलं मला. मागच्या रांगेचं पुढे सांगतेच.

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली? मारण्याची नाही, त्यानंतरच्या आठवड्याची. प्रेत सापडेपर्यंतच्या त्या दिवसांत शाळेतल्या कितीतरी मुलांच्या कानावर गोष्ट गेली होती. डबा खाताना, बसच्या थांब्यावर, फोनवर. कुणाला खरं वाटलं, कुणाला थाप वाटली. मोठ्यांच्या कानावर पोचायला मात्र दिवस लागले. शिक्षा झाली आठ जणांना. ज्यांनी ऐकलं, हसले, पुढे सांगितलं आणि गणिताच्या तासाला जाऊन बसले, त्यांची मोजदाद कुठल्याच कोर्टात नाही. मालिकाही त्यांच्यावरून कॅमेरा फिरवून पुढे जाते.

मी त्यांच्यातली आहे, म्हणून मला ते दिसले.

रीनाचा जन्म मार्च १९८३चा. माझा जून १९८३चा. नोव्हेंबर १९९७मध्ये मी इंदूरला नववीत होते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती आणि गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या होत्या. शाळेचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आमचं कोळीनृत्य बसत होतं. वर्गात एक मुलगी होती, परदेशीपुऱ्यातून टेम्पोनं यायची. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल नव्वदीच्या सुरुवातीलाच बंद पडलेली, पैसे अडकलेले, आई कुणाकुणाकडे पोळ्या लाटायची. मुलगी रंगानं काळी. नाचायची मात्र अशी की ढोलकीवाले सर हात थांबवून बघत राहायचे.

तिला आम्ही ‘कल्लो’ म्हणायचो. मी ‘आम्ही’ लिहितेय, ‘काही मुली’ नाही.

तिच्या डब्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांना येत होतं. बाकीच्यांचे डबे वर्गभर फिरायचे, साबुदाण्याची उसळ कुणाची आणि शेव कुणाची कळायचं नाही, तिचा डबा तेवढा तिच्यापाशी राहायचा. बाईंनी नाच बसवताना तिला मागच्या रांगेत टाकलं. “तू मागे राहा गं, मागे लाइट कमी असतो,” असं अगदी साधेपणानं, पंखा बंद कर म्हणावं तसं म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. माझं मराठी व्याकरण त्यांच्यामुळे सुधारलं.

गॅदरिंगच्या दिवशी ड्रॉइंगच्या खोलीत मेकअप चालला होता. एकच आरसा, सतरा मुली. तिची पाळी आली तेव्हा आमच्यातल्या एकीनं पावडरचा डबा उघडून तिच्या तोंडावर सगळाच्या सगळा पालथा केला. “आता चालेल पुढच्या रांगेत!” भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, ओठांच्या फटीत पावडर. खोलीभर हशा. ती ठसकली, खोकली, आणि मग तीही हसली. ते तिचं हसणं मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण मी सगळ्यात जवळ होते. आरसा मी धरला होता. तिला नीट दिसावं म्हणून मी तो थोडा वरसुद्धा केला.

बाई आत आल्या, विचारलं काय चाललंय. आम्ही म्हटलं, “काही नाही बाई, मजे घेत होतो.” आमच्या इंदुरी मराठीत मस्करी करत नाहीत, मजे घेतात. पुण्याची मावशी नेहमी हसायची या शब्दाला. मला आता वाटतं, बरोबरच शब्द आहे. मस्करी दोघांत होते, मजे एकाचे दुसरा घेतो.

ती तोंड धुऊन, मागच्या रांगेत नाचली. दहावीला शाळेत नव्हती. का नव्हती, मी विचारलं नाही. रीनाच्या आणि हिच्या गोष्टीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, मला कळतं ते. कुणी मेलं नाही, कुणी हात उगारला नाही. पण मालिकेत रीना त्या मुलींच्या टोमण्यांवर हसते ना, तसंच, तेच हसू होतं. चालवून घ्या मला, असं म्हणणारं.

“आपल्याकडे कुठे वंशद्वेष, आपण सगळे सावळेच,” हे वाक्य माझ्या नवऱ्यानंच मला ऐकवलं, जेवताना. मी त्याला निदो तानियाची आठवण करून दिली. २०१४चा जानेवारी, दिल्लीचं लाजपत नगर. अरुणाचलचा कॉलेजात शिकणारा मुलगा, पत्ता विचारायला दुकानात गेला, तिथे त्याच्या केसांवरून खिदळले. त्यातून बाचाबाची, मारहाण, दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. ईशान्येकडच्या लोकांना असा त्रास का होतो ते बघायला सरकारनं बेजबरुआ समिती नेमली, तिनं अहवालही दिला. सुरुवात कुठून झाली होती? केसांवरून. तिथेही कुणीतरी म्हणालंच असेल, मजे घेत होतो. नवरा म्हणाला, दिल्ली वेगळी. मी म्हटलं, हो, व्हिक्टोरियासुद्धा वेगळं. मग आमटी थंड झाली.

लेकीचा किस्सा सांगू की नको असं चाललं होतं, पण तिनं परवानगी दिलीय. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीचा स्टिकर फिरतोय. मुलीनं शिंकताना तोंड वाकडं केलं, कुणीतरी फोटो काढला, कापून त्याचा स्टिकर केला. आता गृहपाठ विचारला तरी तो स्टिकर, कुणाचा वाढदिवस असला तरी तोच. मी लेकीला विचारलं, तू पाठवलास का? “मी बनवला नाही,” म्हणाली. मी पुन्हा विचारलं, पाठवलास का? “सगळे पाठवतात, आई. ती स्वतः पण पाठवते.” ती स्वतः पण पाठवते! मी उठून स्वयंपाकघरात गेले, नळ उगाच सोडला आणि बंद केला. लेकीला रागावायचा हक्क मला कुठून असणार होता?

शेवटाकडे मालिकेत एक प्रसंग आहे, सगळे रडतात म्हणे त्यावर. रीनाच्या खुनात दोषी ठरलेल्या मुलाला सुमन तुरुंगात जाऊन भेटते आणि जवळ घेते. प्रत्यक्षातही त्या आईवडिलांनी तो मुलगा मोठा झाल्यावर त्याची भेट घेतली होती, त्याच्या पॅरोलला विरोध केला नाही. दुसरी जी मुलगी होती, तिचा खटला तीनदा चालला, २००९पर्यंत वरच्या कोर्टांत हेलकावे खात राहिला, आणि रीनाचे आईवडील तिथे जाऊन बसायचे. सुमन २०१८मध्ये गेली. तिच्यापुढे मी हात जोडते. मनजीत यांनी मुलीवर पुस्तकही लिहिलं. पण पडद्यावरची ती मिठी पाहून मला रडू आलं नाही, उलट चीडच आली, आणि कशाची ते दोन दिवस कळेना. मग कळलं. क्षमा करते ती सुमन आणि मोकळं वाटतं बघणाऱ्यांना. आठ भाग अंगावर घेतले, शेवटी कुणीतरी कुणालातरी जवळ घेतलं, आता आपण दिवा मालवून झोपू शकतो. मला त्या रात्री झोप येत होती, तीच चीड.

२०२३च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलच्या कामगारांचे पैसे सुटले, तुम्ही इंदूरवाल्यांनी वाचलंच असेल. २२४ कोटी, चार हजार आठशेंच्या आसपास कामगार, तीस वर्षांनी. पेपरात म्हाताऱ्या माणसांचे फोटो होते, काही जणांच्या बायकांचे, काहींच्या सुनांचे. मी तेव्हा त्या फोटोंत तिच्या वडिलांचा चेहरा शोधला होता. मग लक्षात आलं, मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. पेपर रद्दीत टाकला.

मालिका संपल्यावर मात्र राहवलं नाही. आमचा शाळेचा ग्रुप आहे, एकतीस जणी. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, दुपारी कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाचे फोटो, महिन्यातून एकदा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी. ती त्यात नाही. तिला घ्यायचं कधी कुणाच्या डोक्यातही आलं नसावं. परवा रात्री मी तिचं पूर्ण नाव लिहून विचारलं, हिचा नंबर कुणाकडे आहे का? नंबर मिळाला तर काय बोलणार होते, तेही ठरलं नव्हतं. माफी मागून मलाच हलकं व्हायचंय का, ही शंका होतीच, अजून आहे.

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे वाचत होत्या. मग एकीनं, जिनं पावडरचा डबा पालथा केला होता तिनं नाही, दुसरीनंच, लिहिलं, “कोण गं? ती कल्लो का?” आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे. त्याखाली भराभर आणखी हसणारे चेहरे आले. मी मोजले, चौदा.

मी लिहिलं, “हो, तीच. नंबर आहे का?”

अजून कुणी दिलेला नाही. परदेशीपुऱ्यात राहणारं, मिलच्या जुन्या लोकांना ओळखणारं तुमच्यापैकी कुणी असेल, तर मला मेसेंजरवर कळवा. तिचं नाव इथे उघड लिहीत नाही, तिला न विचारता कसं लिहू.