शेऱ्याचा रकाना

म्हापशाच्या बाजारात माझ्या मामांचे किराणा मालाचे दुकान आहे आणि पणजीत बसून मी लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. या दोन व्यवसायांमध्ये तेरा किलोमीटरांचे अंतर होते, तोवर घरात सलोखा होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मामांच्या हिशेबनिसाने संगणकाचा धोशा लावला. मामांनी तो काही वर्षे हसतमुखाने परतवला, पण शेवटी हिशेबनीसच काम सोडायला निघाला, तेव्हा माझ्या आईने "घरचाच मुलगा असताना बाहेरच्याला पैसे कशाला?" असे म्हणून भावाची काळजी मिटवली आणि माझी सुरू केली.

शिकलो होतो त्याप्रमाणे मी प्रथम मामांची मुलाखत घेतली. दुकान कसे चालते, असे विचारल्यावर मामांनी माझ्याकडे काहीशा करुणेने पाहिले आणि सांगितले, "गिऱ्हाईक येते, माल मागते, आपण तोलून देतो, ते पैसे देते आणि जाते. आणखी काय असते रे पुता?" मी या पाच पायऱ्या वहीत उतरवल्या आणि दोन महिने खपून त्यांच्यावर एक देखणे सॉफ्टवेअर उभे केले. पाचही गोष्टी खऱ्या होत्या. त्या याच क्रमाने, आणि एका वेळी एकाच गिऱ्हाइकाच्या बाबतीत घडतात, असे मात्र मामा कुठेही म्हणाले नव्हते. ते माझे मीच ठरवले होते.

उद्घाटनासाठी मी शुक्रवार निवडला, कारण शुक्रवारी म्हापशाचा आठवड्याचा बाजार असतो आणि सॉफ्टवेअरचा वेग सर्वांना दिसावा अशी माझी इच्छा होती. पहिल्या बाईंनी पाच किलो उकडे तांदूळ मागितले, ते तोलून होईपर्यंत त्यांना मयड्याच्या केळ्यांची आठवण झाली, आणि "पिशवी असू दे हां, आलेच" असे सांगून त्या बाजारात दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बिल करायचे तर पहिले बिल पूर्ण करा किंवा रद्द करा, असे संगणक बजावू लागला. अकरा वाजेपर्यंत दुकानात सात पिशव्या आणि पडद्यावर एक बिल अशी परिस्थिती होती. त्यातच मामांचा हात मिरचीच्या पोत्यातून गुळाच्या ढेपेकडे आणि तिथून कळफलकाकडे असा प्रवास करीत असल्यामुळे कळफलकावरची काही अक्षरे चिकटली आणि काही झोंबू लागली. दहा मिनिटे कळफलक शांत राहिला की सुरक्षेसाठी पुन्हा पासवर्ड मागण्याची सोय मी मोठ्या अभिमानाने केली होती. परंतु मामांच्या दुकानात नुसती प्रकृतीची चौकशीच पंधरा मिनिटे चालते. अखेरीस मामांनी कळफलक कुळथाच्या पोत्यावर अलगद ठेवला आणि गल्ल्याखालून लाल कापडी बांधणीची वही काढली. ती एका हाताने उघडत होती.

त्या आठवड्यात मी स्वतःच्या समाधानासाठी बरेच वाचन केले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात एक उद्योग केला होता: मदतीच्या सूचना देणाऱ्या छायाप्रत यंत्रासमोर माणसे उभी करायची आणि त्यांची फजिती चित्रित करायची. एका चित्रफितीत यंत्राशी झुंजणाऱ्या दोन विद्वानांपैकी एक होते ॲलन न्यूवेल, ज्यांना १९७५ साली संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता. माणसे आखून दिलेल्या योजनेबरहुकूम काम करीत नाहीत, समोर जसे येईल तसा मार्ग काढत जातात, असे सचमन यांचे म्हणणे. मी ही हकिकत मामांना ऐकवली. त्यांनी शांतपणे विचारले, "मग त्या बाईंनी काय केले?" मी म्हटले, "त्या नुसत्या बघत बसल्या." "मग तूही बस," असे म्हणून त्यांनी मला एक स्टूल दिले.

पुढचे तीन शुक्रवार मी त्या स्टुलावर काढले. उकाडा असह्य झाला की समोरच्या गाड्यावरून लिंबू सोडा यायचा आणि मी खिशात हात घातला की मामा "असू दे, असू दे" म्हणायचे. स्टुलावरून जे दिसले ते मुलाखतीत येणे शक्यच नव्हते, कारण मामांना त्यांतले काही सांगण्यासारखे वाटतच नव्हते. माझ्या सॉफ्टवेअरने ग्राहकाचे पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक अनिवार्य केले होते. मामांच्या उधारीच्या खात्यांत नाईक आडनावाची सव्वीस माणसे होती आणि वहीत ती "वडाकडची", "लाल स्कूटर", "मोठ्या जावयाचा नाईक" अशी नांदत होती. गावांची यादी मी सरकारी रोमन स्पेलिंगांवरून तयार केली होती. मामा हळदोण्यासाठी "ह" दाबून वाट पाहत आणि गाव तिकडे आल्डोना होऊन "आ"खाली बसलेले असे. हणजुणेचीही तीच गत.

परतफेडीची तारीख हा रकाना तर मी तांबड्या चौकटीत घातला होता. तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस. मामांच्या वहीत मात्र "चवथीनंतर", "काजू विकल्यावर" आणि "तारवटी घरी आल्यावर" अशा मुदती होत्या, आणि मुलगा बोटीवरून केव्हा उतरेल हे त्याच्या आईलाच ठाऊक नसेल तर संगणकाला कुठून असणार? साठ्याची गोष्ट वेगळी नाही. पोते डावीकडे कलले की माल मागवायचा, हा मामांचा नियम. माझ्या सॉफ्टवेअरने मात्र मार्च-एप्रिलच्या खपाची सरासरी काढून मे महिन्यासाठी जेवढी सोलां, म्हणजे आमसुले, मागवण्याची शिफारस केली होती तेवढी, पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला निघालेल्या आमच्या गोंयकारांनी, तीन दिवसांत संपवली असती.

वहीच्या समासात काही खुणाही होत्या, आणि त्यांच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. फुली म्हणजे यापुढे उधार द्यायचे नाही, पण तोंडावर नाही म्हणायचे नाही. तो माल आताच संपला असे सांगायचे. लहान वर्तुळ म्हणजे घरी अडचण आहे, सध्या पैशांचा विषय काढायचा नाही. हे दोन प्रकार मी कोणत्या ड्रॉपडाउनमध्ये बसवायचे, याचा विचार अजूनही करीत आहे.

मत्सर वाटला तो गल्ल्यावरच्या एका डब्याचा. क्यूआर कोडवर पैसे आले की रक्कम मोठ्याने बोलून दाखवणारा तो लहानसा डबा मामांनी कोणत्याही प्रशिक्षणाविना पहिल्याच दिवशी आपलासा केला होता. दुकानदाराचे हात मालात असतात, डोळे तराजूवर आणि गिऱ्हाइकावर असतात, मोकळे असतात ते फक्त कान. हे ज्याला कळले त्याने मामांना एकही बटण दाबायला लावले नाही. मी चाळीस बटणे दिली होती, तीही रंगीत.

तेव्हा मी स्कँडिनेव्हियातला एक जुना दाखला पुढे केला. १९८१ साली तिथे वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांबरोबर सुरू झालेल्या यूटोपिया नावाच्या प्रकल्पात, यंत्रे तयार होण्याआधीच पुठ्ठ्याच्या प्रतिकृती मांडून कामगारांकडून काम करवून पाहिले जाई. लेझर प्रिंटर म्हणून एक रिकामा खोकाच ठेवला होता. मीही साबणाचा खोका कापून त्याला पडद्याचा आकार दिला, त्यावर कागद चिकटवून रकाने आखले आणि मामांच्या हाती पेन्सिल दिली. मामांनी दोन रकाने खोडले, मुदतीची तांबडी चौकट काढून टाकली, बिल अर्धवट ठेवण्यासाठी डाव्या बाजूला सात पिशव्यांची चित्रे काढली, आणि शेऱ्याचा रकाना वाढवत वाढवत निम्म्या पडद्यावर नेला. सॉफ्टवेअरची अशी दुरुस्ती मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि ती बरोबर होती हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

अडचण एवढीच झाली की पावसाची पहिली सर आली, वीज गेली, आणि मामांनी दिवसभर पुठ्ठ्यावरच काम केले. संध्याकाळी ते प्रसन्न होते. "हाच ठेव," ते म्हणाले, "याला वीज लागत नाही." हिशेबनिसासाठी खरे सॉफ्टवेअर लागणारच, हे त्यांना पटवून देत मी पुठ्ठा पिशवीत घातला आणि पणजीच्या बसमध्ये बसल्यावर, दिवसभरात काय काय भरले गेले ते पाहावे म्हणून बाहेर काढला. पहिलीच नोंद स्वच्छ अक्षरांत होती. नाव: भाचा, कॉम्प्युटरवाला. गाव: पणजी. माल: लिंबू सोडा, नग एकवीस, खारे काजू, पाव किलो. शेऱ्याच्या प्रशस्त रकान्यात काहीही लिहिलेले नव्हते. समासात, माझ्या नावासमोर, पेन्सिलीने एक लहान वर्तुळ काढलेले होते.